क्लिक परत परत हॉलमध्ये ऐकू येतोय? आधी वायर उपसा, मग मिक्सरला हात लावा

प्रॉब्लेम सगळ्यांना माहितीये तोच, क्लिक, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकबरोबर लय धरायला ड्रमरच्या कानात दिलेली मेट्रोनोमची टकटक, हॉलमध्ये ऐकू जाते. स्लो गाणं चालूये, मुखडा संपला, ट्रॅकमधलं म्युझिक दोन बार थांबतं, गायक डोळे मिटून आलाप घेतोय आणि त्या शांततेत स्पीकरमधून टक, टक, टक, टक. आमच्याकडं हे झालं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका काकांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावून बघितलं, खोटं नाही सांगत.

मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, आणि लॅपटॉप माझा म्हणून ट्रॅक चालवायचं कामही माझ्याच गळ्यात, त्यामुळं क्लिक बाहेर गेला की सगळे आधी माझ्याकडं बघतात. डोकं फिरवणारी गोष्ट ही की दर वेळी आम्ही तो "सोडवला", पुढचे दोन शो नीट गेले, आणि तिसऱ्याला परत तेच. मग कधीतरी डोक्यात प्रकाश पडला की हा एक प्रॉब्लेम नाहीच, आवाज एक आहे पण त्याच्या यायच्या वाटा पाच-सहा आहेत, आपण एक बीळ बुजवतो आणि उंदीर दुसऱ्यातून येतो.

आणि घाईत आपण काय करतो, तर क्लिकचा व्हॉल्यूम कमी करतो. हे अजिबात करू नका. क्लिक बारीक केला की ड्रमरला ऐकू येत नाही, तो ट्रॅकवरून अंदाजानं वाजवतो, दुसऱ्या कडव्यापर्यंत सरकतो, मग तो ओरडतो "वाढव रे", आपण वाढवतो आणि हॉलमध्ये आधीपेक्षा जोरात जातो. व्हॉल्यूमचा इथं काही संबंधच नाही, वाट शोधायची आहे.

वाट शोधायला मी आता साऊंडचेकलाच दोन मिनिटं घेतो. म्युझिकचा ट्रॅक म्यूट, फक्त क्लिक चालू, मेन स्पीकर शोच्या लेव्हलला, सगळे माईक उघडे, आणि एकाला हॉलमध्ये मधोमध उभा करायचा. ऐकू येतोय का? येत असेल तर क्लिकची वायर मिक्सरमधून सरळ उपसून काढायची, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली-बिली काही नाही, जॅक बाहेर. थांबला? म्हणजे भानगड मिक्सरच्या सेटिंगमध्ये आहे, फक्त ड्रमरचा हेडफोनही मिक्सरमधूनच असेल तर तो आधी काढून बघा, कारण वायर उपसली की त्याचाही क्लिक बंद होतो. वायर काढूनही येतोय? मग ड्रमरच्या हेडफोनचा जॅक काढा. आता थांबला तर तो हवेतून माईकमध्ये जातोय. दोन्ही काढून सुद्धा येतोय, तर तो म्युझिकच्या वायरीतूनच येतोय, म्हणजे लॅपटॉप किंवा केबल, साऊंडवाल्या दादांशी भांडायची गरज नाही. एवढंच. ह्या क्रमानं गेलात तर अर्धा तास वाचतो आणि मुख्य म्हणजे शो आधी कुणाचं तोंड वाकडं होत नाही.

आता एकेक वाट.

लॅपटॉपवाली आधी घेतो कारण छोट्या ग्रुपमध्ये नव्वद टक्के हीच असते, म्हणजे माझा अंदाज आहे हा, मोजलेलं नाही. आपण काय करतो, एक स्टीरिओ फाईल बनवतो, डावीकडं म्युझिक, उजवीकडं क्लिक, लॅपटॉपच्या किंवा मोबाईलच्या हेडफोन जॅकमधून वाय केबल काढतो, एक टोक मिक्सरला, एक ड्रमरच्या हेडफोन ॲम्पला. स्वस्त आणि मस्त, मीही कितीतरी वर्षं असंच केलं. पण ह्यात अडकायच्या जागा भरपूर. पहिली म्हणजे दोन टोकं उलटी लागणं, हे हसण्यासारखं वाटतं पण स्टेजवर अंधारात आणि निवेदकानं आधीच बोलायला सुरुवात केलेली असताना बघा काय होतं ते. क्लिकच्या टोकाला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा, दोन्ही बाजूंना, विषय संपला.

दुसरी जरा फसवी आहे आणि ती कुणी सांगत नाही. वाय केबल घरी राहिली म्हणून कुणीतरी साधी स्टीरिओ केबल देतं, एका बाजूला छोटा साडेतीन एमएमचा स्टीरिओ जॅक, दुसऱ्या बाजूला मोठा टीआरएस (टिप-रिंग-स्लीव्ह) जॅक, आणि तो मिक्सरच्या लाईन इनपुटला लागतो, आवाजही येतो, सगळे खूष. पण मिक्सरला तो जॅक बॅलन्स्ड सिग्नल वाटतो, तो टिपमधून रिंग वजा करतो, म्हणजे डावीकडचं म्युझिक येतंच आणि उजवीकडचा क्लिकही उलटा होऊन तेवढ्याच जोरात येतो. उलटा झालेला टक आणि सरळ टक कानाला सारखाच. साधा स्टीरिओ ट्रॅक ह्या केबलनं लावला तर मधोमध असलेलं सगळं, म्हणजे गाण्यातला आवाज, बेस, किक, गायब होतं आणि दोन बाजूंना पसरलेलं तेवढं उरतं, तेव्हा ट्रॅक "पोकळ" वाटायला लागला तर केबल बघा, इक्वलायझर नका फिरवत बसू.

तिसरी जागा सॉफ्टवेअरमध्ये. मोबाईलमध्ये आणि विंडोजमध्ये मोनो ऑडिओ म्हणून एक सेटिंग असतं, एका कानानं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, ते चालू असलं की डावं-उजवं एकत्र मिसळतं आणि आपली सगळी मेहनत पाण्यात. पोराच्या हातात फोन दिला होता की सेटिंग तपासून घ्यायचं. तसंच लॅपटॉपमधली ती सराउंड, एन्हान्समेंट वगैरे फीचर्स, सिनेमा बघायला ठीक आहेत, पण ती एका बाजूचं दुसऱ्या बाजूला मुद्दाम मिसळतात, त्यामुळं बंद. आणि फाईल कमी बिटरेटच्या जॉइंट स्टीरिओ एमपी३ मध्ये असेल तर त्यातही एका बाजूचं थोडं दुसऱ्या बाजूला सांडतं, म्हणून वेव्ह फाईलच वापरा, पेन ड्राइव्हला आता जागेची कमी नाहीये.

हे सगळं नीट करूनही अगदी बारीक टक येत असेल, फक्त शांत जागी, तर तो बहुतेक हेडफोन जॅकचाच दोष. डावं आणि उजवं एकच ग्राउंड वापरतात आणि स्वस्त सर्किटमध्ये एकाचं दुसऱ्यात उतरतं. ह्याला उपाय म्हणजे वेगळा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपबाहेरचं साऊंड कार्ड), आणि तो घेताना चार आउटचा घ्या. दोन आउटचा घेऊन लोक फसतात, मीही फसलोय, कारण पुढं हेडफोनचं वेगळं भोक दिसतं आणि वाटतं की झालं, क्लिक हेडफोनमधून काढू. बऱ्याच दोन आउटवाल्या इंटरफेसमध्ये ते हेडफोनचं आउट म्हणजे १-२ ची झेरॉक्स असते, जे मागं जातं तेच पुढं. खोक्यावर आउटपुट ४ लिहिलेलं असलं तरी त्यातले दोन हेडफोनचे धरलेत का आणि ते १-२ पासून वेगळे चालवता येतात का, हे दुकानातच विचारा.

चार आउट असले की एबलटनमध्ये (ट्रॅक चालवायचं सॉफ्टवेअर) काम सोपं: ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट ३-४ चालू करायचे, मेन १-२ ला, क्यू (आपल्यापुरतं ऐकायचं वेगळं आउट) ३-४ ला, मेट्रोनोम क्यूमधूनच जातो. पण मी तो आतला मेट्रोनोम शोमध्ये वापरत नाही. क्लिक वेगळा ऑडिओ ट्रॅक म्हणून बनवतो आणि त्याचं आउट सरळ ३ नंबरला देतो. एक कारण असं की मेट्रोनोमचं बटण चुकून दाबलं जातं आणि गाण्याच्या मध्येच क्लिक गायब. दुसरं आणि खरं कारण आपल्या तालांचं. दादऱ्याच्या ६ मात्रांना तुम्ही ३/४ लावला की तीन-तीन मात्रांवर सारखाच जोर पडतो आणि सम (तालाची पहिली मात्रा) कुठली हे कानाला कळत नाही. रूपक तर त्याहून गमतीचा, ७ मात्रा, ३-२-२, आणि सम पडते तीच खालीवर (टाळी नसलेल्या मात्रेवर), आणि मशीन मात्र पहिल्या मात्रेवर ठणकन वाजवणार. आमचे तबलजी म्हणाले "अरे ही सम आहे का देवळातली घंटा". मग मी त्यांना बसवून क्लिक बनवला, पहिली मऊ, चौथी आणि सहावी जरा उठावदार, तेव्हा ते खूष. लावणीत शेवटी लय चढवायची असते तिथंही टेम्पोचा चढ आधी ढोलकीवाल्याकडून वाजवून रेकॉर्ड करून त्यावरून क्लिक बसवा, आकडे टाकून चढवलेली लय कृत्रिमच लागते. आणि क्लिकवरच माझ्या आवाजात "अंतरा", "कडवं दोन", "म्युझिक" असं बोलून ठेवतो, फार उपयोग होतो, फक्त मग क्लिक बाहेर गेला तर पब्लिकला माझं "कडवं दोन" पण ऐकू जातं ही जोखीम आहे.

आता मिक्सर. इथं दोष कुणाचाच नसतो आणि सगळ्यांचा असतो. क्लिक मिक्सरमधून घ्यायचा म्हणजे त्याला एक चॅनल आणि ड्रमरला एक ऑक्स (मेनपासून वेगळा पाठवायचा आवाज). जर ऑक्स पोस्ट-फेडर असेल, म्हणजे फेडरच्या नंतरचा आवाज घेत असेल (प्री म्हणजे फेडरच्या आधीचा), तर क्लिकचा फेडर खाली ठेवल्यावर ड्रमरला काहीच ऐकू येत नाही. मग ड्रमर हात वर करतो, साऊंडवाले दादा भलेपणानं फेडर उचलतात, ड्रमरला आला, दादा खूष, आणि हॉललाही आला. आमच्या परत परत होणाऱ्या प्रॉब्लेममध्ये निम्म्या वेळा हेच होतं आणि प्रत्येक वेळी साऊंडवाला वेगळा असल्यामुळं ते परत परत व्हायचं! गावोगावी शो म्हणजे रोज नवीन मिक्सर, नवीन माणूस. म्हणून मी पोचल्या पोचल्या दोनच गोष्टी सांगतो, चहा विचारायच्याही आधी: दादा, क्लिकच्या चॅनलचं एल-आर काढा, आणि ड्रमरचा ऑक्स प्री करा. मिक्सरवर चॅनल मेन स्पीकरला जोडणारं एसटी किंवा एल-आरचं बटण असतं, ते त्या चॅनलचं वर आलं, म्हणजे बंद झालं, की फेडर कुणी कितीही उचलला तरी मेनमध्ये काही जाणार नाही. छोट्या मिक्सरवर ते बटणच नसतं, तिथं फेडर पूर्ण खाली आणि प्री ऑक्स हाच मार्ग, आणि प्री ऑक्सही नसेल तर क्लिक त्या मिक्सरमध्ये घालूच नका.

एल-आर काढूनही हॉलमध्ये टकचं भूत येतं, म्हणजे टक नाही पण टकच्या मागची गूंज, "ट्शश" अशी. हे रिव्हर्ब. चॅनल मेनमधून काढला तरी त्याचा एफएक्स सेंड, म्हणजे इफेक्टकडं जाणारी वाट, उघडा असतो, क्लिक रिव्हर्बमध्ये जातो आणि रिव्हर्ब तर मेनला जोडलेलाच असतो. आम्हाला हे सापडायला एक अख्खा शो गेला, मी म्हणत होतो की हॉलच घुमतोय. एफएक्स सेंड शून्य करा, बस.

डिजिटल मिक्सरवर अजून एक उपद्व्याप. साऊंडचेकला सगळं नीट केलं, मग मध्ये भाषणं, सत्कार, त्यासाठी दादांनी दुसरा सीन, म्हणजे सेव्ह केलेली सेटिंग, लोड केला, आणि आमच्या वेळेला परत जो सीन लोड केला तो सकाळचा, आपण बदल करायच्या आधीचा. एल-आर परत चालू. म्हणून बदल केल्यावर सीन सेव्ह करून घ्या आणि सेव्ह झालेला डोळ्यांनी बघा.

एक वेगळीच तक्रार, हॉलमध्ये काहीच नव्हतं पण घरी गेल्यावर मावशीचा फोन, "लाइव्हमध्ये सारखं काय वाजत होतं रे?". लाइव्ह स्ट्रीमवाल्यांनी फीड मेनमधून न घेता एखाद्या मॉनिटरच्या ऑक्समधून, ज्यात क्लिकही असतो, घेतलेलं असतं, त्यांना तेच भोक मोकळं मिळालं म्हणून. विचारून घ्या त्यांना, ते आपल्याकडं कधी स्वतःहून येत नाहीत.

हवेतून जाणारा क्लिक ओळखायला सोपा, त्याच्यासोबत ड्रमचा खडखडाटही असतो आणि गायकाच्या माईकचा फेडर खाली केला की जातो. मोकळ्या पाठीचे हेडफोन ड्रमरला देऊ नका, बंद कपाचेच, नाहीतर नीट बसणारे इअरफोन. क्लिकचा आवाज बदलूनही बराच फरक पडतो, तो टोचणारा १ किलोहर्ट्झचा बीप माईकमध्ये सहज घुसतो, त्याऐवजी लाकडी ठोकळ्याचा किंवा शेकरचा आवाज कमी लेव्हललाही कळतो. ड्रमरला मी हेही सांगतो की कानात सतत जोरात घेऊ नको, ८५ डेसिबलला ८ तास ही मर्यादा धरतात आणि त्यापुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ ला एकच तास, आणि आपला शो तीन तासांचा. ऐकतो कोण. ड्रमच्या कल्लोळात क्लिक ऐकायचा म्हणजे तो वाढवतच जातो, म्हणून बाहेरचा आवाज अडवणारे इअरफोन हाच खरा इलाज.

काही वेळा तक्रार लीकची नसते, ड्रमर म्हणतो क्लिक हलतोय. क्लिक हलत नसतो. एक, त्यानं ब्लूटूथचे इअरबड लावलेत. ब्लूटूथमध्ये १५० ते २०० मिलिसेकंदांचा उशीर सहज पडतो आणि १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक सोळांश, म्हणजे ठोक्याचा पाव भाग, १२५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे तो अख्खा एक सोळांश मागं वाजवतोय आणि शपथा घेतोय की क्लिकवरच आहे. दोन, क्लिक कानात आणि म्युझिक समोरच्या स्पीकरमधून ऐकतोय. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, १० मीटरवरच्या भिंतीला आपटून परत आला की जवळपास ५८ मिलिसेकंद गेले, दोन लयी ऐकल्यासारखं होतं. त्याच्या कानात क्लिकसोबत थोडं म्युझिकही द्या. तीन, क्लिक मोबाईलवरच्या ॲपवर आणि ट्रॅक लॅपटॉपवर, दोघांनी "एक दोन तीन" म्हणून बरोबर बटण दाबायचं. नाही. हातानं दाबताना ५०-१०० मिलिसेकंदांचा फरक पहिल्याच मात्रेला पडतो आणि दोन यंत्रांची घड्याळं पुढं वेगळी धावतात ते वेगळंच. शिवाय मध्येच फोन येतो. दोन्ही एकाच यंत्रातून, एकाच प्रोजेक्टमधून.

आणि चार, सगळं मिळूनच फास्ट झालं. गायिका म्हणते पट्टी चढली, हार्मोनियमवाल्याला पट्टीच सापडेना. प्रोजेक्ट ४४.१ किलोहर्ट्झचा, मिक्सर किंवा इंटरफेस ४८ वर, आणि मध्ये कुणी रूपांतर केलं नाही तर १२० ची लय १३० च्या पुढं जाते आणि पांढरी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्ये कुठंतरी लटकतं, जिथं पेटीवर पट्टीच नाही. तालीम करतानाच दोन्हीकडं एकच आकडा ठेवा, मी सगळं ४८ वर केलं.

लॅपटॉपची ती चार्जर लावल्यावरची गूं गूं सुद्धा क्लिकच्या वायरीतून येते बरेचदा. जनरेटरवरच्या मांडवात तर हमखास. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा छोटा डबा) लावा, ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र तोडू नका, पावसात गणपतीच्या मांडवात असलं धाडस करणारे बघितलेत मी.

आता मी कसं करतो ते सांगून टाकतो. क्लिक मुख्य मिक्सरमध्ये जातच नाही. इंटरफेसच्या ३ नंबरमधून सरळ माझ्याजवळच्या चार तोंडांच्या हेडफोन ॲम्पला, तिथून ड्रमर, ऑक्टोपॅडवाला, बेस आणि मी. साऊंडवाल्यांकडं फक्त १-२ जातं, त्यांच्याकडं क्लिकची वायरच नाही तर फेडर, सीन, रिव्हर्ब, ऑक्स ह्यातलं काहीच चुकू शकत नाही. तोटा एवढाच की ड्रमरला आता माझ्याकडं बघून "वाढव" म्हणावं लागतं आणि कानात गायकाचा आवाज हवा असेल तर मिक्सरमधून एक ऑक्स उलटा माझ्या ॲम्पला आणावा लागतो, ती एक जादा केबल. मोठ्या शोला, जिथं आठ जणांना वायरलेस इन-इअर असतात, तिथं हे चालत नाही, तिथं क्लिक मिक्सरमधूनच जावा लागतो, मग वर लिहिलेलं सगळं तपासणं आलंच.

ह्यानंतर आमच्याकडं क्लिक हॉलमध्ये गेला तो एकदाच. वायर उपसून बघितली, थांबत नव्हता. हेडफोन काढले, तरी येतोय. लॅपटॉप बंद केला तरी येतोय! शेवटी सापडलं, कोरसच्या एका मुलीनं लय पक्की राहावी म्हणून स्वतःच्या फोनवर मेट्रोनोम लावून फोन माईकच्या स्टँडला टेकवून ठेवला होता.